वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारसायकलवर वाढीव वॉरंटी घ्यावी का?

प्रश्न : मी मिरजेत राहतो आणि कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. नवी गाडी सध्या परवडणार नाही, म्हणून सांगलीतील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे १५० सीसीची मोटारसायकल पसंत केली आहे. नोंदणी जानेवारी २०२१ ची, क्रमांक एमएच-१० चा, मीटरवर ३१,००० किलोमीटर आणि किंमत ७८,००० रुपये. विक्रेत्याचा आग्रह आहे की ६,५०० रुपये अधिक जीएसटी भरून एक वर्षाची वाढीव वॉरंटी घ्यावी. त्याच्या पत्रकानुसार ही वॉरंटी फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सची आहे. वर्षभरात मिळून १५,००० रुपयांपर्यंतची बिले धरली जातील, त्यांतील २० टक्के रक्कम ग्राहकाने भरायची आहे आणि पहिल्या ३० दिवसांत दावा करता येणार नाही. वडिलांना हा खर्च वायफळ वाटतो, तर माझा सहकारी म्हणतो की एकदा इंजिन उघडावे लागले की सगळे पैसे वसूल होतील. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण कळवलेल्या अटींवर ही वॉरंटी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वडिलांचा अंदाज बरोबर आहे. मात्र त्यामागची कारणे नीट समजून घेतली, तर पुढे कधी खरोखर चांगली वॉरंटी समोर आली असता ती ओळखता येईल.

आधी हिशेब पाहू. ६,५०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला, तर आपल्या खिशातून ७,६७० रुपये जातील. १५,००० रुपयांच्या मर्यादेतून आपला २० टक्के वाटा वजा केला, तर वर्षभरात जास्तीत जास्त १२,००० रुपये परत मिळू शकतात, आणि तेही मर्यादा पूर्ण वापरली गेली तरच. इंजिनाचे बिल साधारण ९,६०० रुपयांच्या खाली राहिले, तर दावा मंजूर होऊनसुद्धा आपण भरलेले पैसे सुटत नाहीत. प्रत्येक बिघाड पूर्ण मर्यादेचा असेल असे मानले, तरी हा व्यवहार बरोबरीत सुटण्यासाठी असा बिघाड येत्या ११ महिन्यांत होण्याची शक्यता ६४ टक्के असायला हवी; आणि एखाद्या गाडीचे इंजिन वर्षाच्या आत मोठ्या कामाला येण्याची शक्यता खरोखरच एवढी असेल, तर ती गाडी घेऊच नये. उलट बाजूनेही विचार करा. आपल्याला एकदम पेलणार नाही अशा मोठ्या नुकसानीपासून वाचण्यासाठी माणूस आगाऊ पैसे भरतो. पण येथे मर्यादाच १५,००० रुपयांची असल्याने, दुर्दैवाने खर्च ३०,००० रुपयांवर गेला, तर त्यातील १८,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतील. म्हणजे लहान खर्चात ही वॉरंटी तोट्याची ठरते आणि मोठ्या खर्चात अपुरी पडते.

दुसरा मुद्दा कोणत्या भागांवर ती लागू आहे हा, आणि आमच्या दृष्टीने तो किमतीहून महत्त्वाचा आहे. ३१,००० किलोमीटर चाललेल्या १५० सीसीच्या गाडीला पुढच्या वर्षभरात बहुधा चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, बॅटरी, टायर, ब्रेक पॅड, केबल, स्टिअरिंगचा कोन सेट किंवा पुढच्या शॉकअपचे ऑइल सील यांपैकी काही ना काही लागेल. हे सारे झिजणारे भाग मानले जातात आणि जवळजवळ प्रत्येक वॉरंटीतून वगळलेले असतात. राहिले इंजिन. वेळेवर तेल बदललेले १५० सीसीचे इंजिन ३१,००० किलोमीटरला म्हातारे होत नाही. त्याला हाफ इंजिनचे किंवा फुल इंजिनचे काम एवढ्या लवकर निघाले, तर त्याचे कारण बहुतेक वेळा तेल कमी असताना किंवा काळे झालेले असताना गाडी चालवणे, इंजिन वारंवार तापणे किंवा आत पाणी जाणे हे असते. आता पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचा. देखभालीतील निष्काळजीपणा, अपुरे किंवा अयोग्य तेल, भेसळयुक्त इंधन, पुराचे पाणी आणि खरेदीपूर्वीपासून असलेला दोष ही कारणे तेथे वगळलेली दिसतील. जो खर्च येण्याची दाट शक्यता आहे तो वॉरंटीत बसत नाही, आणि जो बसतो त्याची कारणे अपवादांच्या यादीत असतात. आपल्या सहकाऱ्याच्या लक्षात ही गोष्ट आलेली दिसत नाही.

ज्या भागांसाठी वॉरंटी असणे खरोखर उपयोगाचे ठरले असते, ते आपल्या पत्रकात मुळीच नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि त्याबरोबर मोटारसायकलींवरचा कार्ब्युरेटर जाऊन जवळजवळ सर्वत्र फ्युएल इंजेक्शन, म्हणजे संगणकाने मोजून इंधन सोडणारी यंत्रणा, आले. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जागच्या जागी अडकू न देणारी यंत्रणा) त्याआधीच, एप्रिल २०१९ पर्यंत, बंधनकारक झाले होते. त्यामुळे २०२१ च्या आपल्या गाडीत टाकीतील फ्युएल पंप, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) आणि एबीएसचे युनिट हे सगळे आहे. कार्ब्युरेटर चौकातला मिस्त्री अर्ध्या तासात साफ करून देत असे. ईसीयू किंवा एबीएस युनिट गेले, तर ते उघडून दुरुस्त करण्याची सोय बहुतेक गॅरेजांत नसते आणि पूर्ण युनिटच बदलावे लागते. हे भाग अचानक जातात आणि त्यांच्या बिघाडाचा मालकाच्या चालवण्याशी संबंध कमी असतो. म्हणून पंप, सेन्सर, ईसीयू, रेग्युलेटर, मॅग्नेट कॉइल आणि एबीएस यांचा नावानिशी समावेश असलेली वॉरंटी कोणी योग्य किमतीत देत असेल, तर ती विचार करण्याजोगी आहे. फक्त इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी ऐकायला भक्कम वाटली, तरी आजच्या गाडीच्या दृष्टीने ती जुन्या काळातली आहे.

तिसरी गोष्ट, कागदावर सही कोणाची आहे? ‘वॉरंटी’ या एकाच नावाखाली बाजारात तीन निरनिराळे कागद मिळतात. पहिला गाडी बनवणाऱ्या कंपनीचा. तो देशभरातील तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर चालतो. दुसरा एखाद्या सेवा पुरवठादाराचा, जो अनेक विक्रेत्यांमार्फत विकला जातो आणि ठरावीक गॅरेजांपुरता चालतो. तिसरा खुद्द विक्रेत्याचा. त्याचे दुकान चालू असेपर्यंतच त्याला किंमत असते. आपण पाठवलेल्या मजकुरावरून आपल्यापुढचा कागद तिसऱ्या प्रकारचा दिसतो. असा कागद आपोआप खोटा ठरत नाही, परंतु सोलापूर रस्त्यावर गाडी बंद पडली, तर ती टेम्पोत घालून सांगलीला आणण्याचा खर्च कोण देणार, हे त्यात लिहिलेले आहे का ते पाहा.

आता त्या ३० दिवसांबद्दल. जुन्या गाडीतील झाकलेला दोष उघड होतो तो बहुधा पहिल्याच महिन्यात. जाड तेल घालून दाबलेला टायमिंग चेनचा आवाज, गरम झाल्यावर निसटणारा गिअर, सकाळी थंड इंजिनातून निघणारा निळा धूर हे सर्व रोज कामावर जाऊ लागल्यावर तीन-चार आठवड्यांत दिसते. नेमका हाच काळ पत्रकाने वगळला आहे, आणि महिन्यानंतर तक्रार नेली तर ‘हा दोष आधीचाच होता’ असे म्हणण्यास विक्रेता मोकळा आहे. म्हणून आमचा सल्ला असा की, ७,६७० रुपयांची वॉरंटी नाकारावी आणि त्याऐवजी पहिल्या ३० किंवा ४५ दिवसांत इंजिन, गिअरबॉक्स किंवा इंजेक्शनच्या भागांत दोष आढळल्यास विक्रेता स्वखर्चाने दुरुस्ती करून देईल, एवढे एक वाक्य बिलावर लिहून त्याची सही व शिक्का मागावा. यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. आपल्या मालावर विश्वास असलेला विक्रेता थोड्या घासाघिशीनंतर हे लिहून देतो. वर्षभराची वॉरंटी विकायला तयार असलेला माणूस एक महिन्याची विनामूल्य हमी द्यायला कचरत असेल, तर त्याला गाडीबद्दल आपल्याहून अधिक माहीत आहे असे समजावे आणि दुसरी गाडी पाहावी.

आपल्या पत्रातील एका तपशिलाने आम्हाला जास्त काळजी वाटली. गाडी एमएच-१० ची, म्हणजे सांगलीत नोंदलेली आहे आणि नोंदणी जानेवारी २०२१ ची आहे. त्याच वर्षीच्या जुलैत कृष्णेचा पूर सांगलीत शिरला होता, तेव्हा ही गाडी सहा महिन्यांची होती. ती त्या वेळी कोठे उभी होती हे कोणी सांगू शकेल का? पुरात बुडालेली गाडी धुऊन, तेल बदलून पुन्हा चालू होते आणि वरवर पाहता नवी दिसते, पण वायरिंगच्या जोडांत आणि बेअरिंगांत शिरलेला ओलावा आपले काम पुढे काही वर्षे करत राहतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगली, कोल्हापूर आणि चिपळूण या भागांत नोंदलेली, त्या तारखांच्या आधीची कोणतीही गाडी घेताना ही तपासणी चुकवू नये. सीट आणि टाकी काढून वायरिंगचे कनेक्टर उघडून पाहावेत. त्यांवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड असेल, हेडलाइटच्या आत किंवा चेसिसच्या नळीत वाळलेला बारीक गाळ असेल, मीटरच्या काचेआड धुके असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडून द्यावी. पुराचे नुकसान कोणत्याही वॉरंटीत बसत नाही.

ही तपासणी आपल्या ओळखीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून करून घ्यावी आणि त्याला त्याची मजुरी मोकळ्या हाताने द्यावी. वाढीव वॉरंटीवर जाणाऱ्या रकमेच्या अगदी लहान भागात हे काम होते आणि त्याचा उपयोग तिच्याहून कितीतरी अधिक आहे. पाहायला जाण्यापूर्वी गाडी सुरू करून ठेवू नका असे विक्रेत्याला सांगावे, आणि गेल्याबरोबर इंजिनाला हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यावे. तेलाचा रंग दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. मीटरवरचे ३१,००० किलोमीटर खरे आहेत का, हे फूटरेस्टचे रबर, ब्रेकचे पायडल आणि स्प्रॉकेटचे दाते यांच्या झिजेशी ताडून पाहावे. शक्य असल्यास आधीच्या मालकाचे सर्व्हिस बुक मागावे, कारण प्रत्येक जॉब कार्डावर त्या दिवशीचे मीटरचे आकडे असतात आणि ते मागे फिरवलेल्या मीटरशी जुळत नाहीत. चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी जुळवावेत, आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे आणि आपण कितवे मालक होणार, हे पाहून घ्यावे. ई-चलनाचा थकलेला दंडही आधी भरून घ्यावा.

विक्रेत्याबद्दलही एक चौकशी करावी. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या आहेत. त्यांनुसार विक्रेत्याने नोंदणी प्राधिकरणाकडून प्राधिकारपत्र घ्यायचे असते आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर द्यायची असते. त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी विक्रेत्यावर येते. हे प्राधिकारपत्र पाहायला मागण्याचा संकोच करू नये. ज्याचे स्वतःचे कागद पक्के नाहीत, त्याच्या वर्षभराच्या वचनावर पैसे लावणे योग्य नाही.

कंपनीच्या मूळ वॉरंटीचे काय झाले, हेही पाहा. आपण गाडीच्या कंपनीचे नाव कळवलेले नाही, पण अनेक कंपन्या पाच वर्षांची वॉरंटी देतात; उदाहरणार्थ, हीरोच्या बहुतेक मोटारसायकलींवर ती ५ वर्षे किंवा ७०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते. जानेवारी २०२१ पासून मोजल्यास पाच वर्षे जानेवारी २०२६ मध्ये भरतात, म्हणून त्यातून आपल्याला काही मिळेल असे धरून चालू नये. मात्र काही कंपन्यांनी जुन्या गाड्यांसाठीही स्वतःची वाढीव योजना ठेवली आहे. होंडाने २०२३ मध्ये आणलेली योजना दहाव्या वर्षापर्यंत संरक्षण देणारी आहे, ती गाडी काही वर्षांची झाल्यावरही घेता येते आणि मालक बदलला तरी पुढच्या मालकाकडे जाते. आपली गाडी अशा योजनेत बसत असेल, तर आमचे उत्तर बदलेल. अधिकृत सर्व्हिस सेंटरवर गाडीची तपासणी करून मिळणारी कंपनीची वॉरंटी, तीत इंजेक्शन आणि विजेचे भाग धरलेले असतील, तर आम्ही घ्या म्हणू. मिरज-सांगलीतील त्या कंपनीच्या शोरूमला गाडीचा क्रमांक देऊन एवढे विचारून यावे.

अखेर कायद्याबद्दल. वॉरंटी घेतली नाही म्हणून आपण पूर्णपणे विक्रेत्याच्या मर्जीवर राहतो असे नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार विक्रेता ज्या वर्णनाच्या मालाचा व्यापार करतो तो माल त्या वर्णनाप्रमाणे विकताना, तो विकण्यायोग्य दर्जाचा असणे ही अध्याहृत, म्हणजे न लिहिताही धरलेली, अट असते. माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांना ती लागू होत नाही. त्याच कलमानुसार, लेखी वॉरंटी दिली म्हणून ही अध्याहृत अट रद्द होत नाही, जोवर त्या दोन्ही परस्परविरोधी नाहीत. जुन्या गाडीकडून नव्याची अपेक्षा धरता येणार नाही हे खरे, पण ‘इंजिन कधीही उघडलेले नाही’ असे सांगून विकलेल्या गाडीचे इंजिन उघडलेले निघाले, तर तो केवळ वॉरंटीचा प्रश्न राहत नाही. म्हणून बिलावर ‘जशी आहे तशी’ हे शब्द लिहू देऊ नयेत, आणि विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्याव्यात.

वाचलेले ७,६७० रुपये वेगळ्या खात्यात ठेवावेत. गाडी घरी आणल्यावर इंजिन ऑइल, फिल्टर आणि स्पार्क प्लग त्यातून बदलावेत, चेन-स्प्रॉकेट आणि ब्रेक पाहून घ्यावेत, आणि उरलेली रक्कम वर्षभर हात न लावता ठेवावी.

प्रश्न : नाशिकला आमच्या शेजाऱ्यांची ३५० सीसीची, दोन वर्षांची गाडी मी घेत आहे. त्यांनी नवी घेतानाच कंपनीची वाढीव वॉरंटी घेतली होती आणि तिची आणखी तीन वर्षे शिल्लक आहेत. ते म्हणतात, या वॉरंटीसाठी पाच हजार रुपये वेगळे द्या. द्यावेत का? गाडीला त्यांनी बाहेरचा सायलेन्सर आणि जादा दिवे बसवले आहेत.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या पत्रातील वॉरंटीपेक्षा ही सर्वस्वी वेगळी आणि चांगली गोष्ट आहे, आणि सर्व अटी पूर्ण होत असतील तर पाच हजार ही रक्कम अवाजवी वाटत नाही. पण पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी अधिकृत सर्व्हिस सेंटरवर, शेजाऱ्यांना बरोबर घेऊनच, पक्क्या कराव्यात : ती वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर जाते का, आजवरच्या सर्व ठरावीक सर्व्हिसिंग वेळेत झाल्याची नोंद त्यांच्या संगणकात आहे का, आणि बाहेरच्या सायलेन्सरमुळे व दिव्यांमुळे काही बाधा येते का. शेवटचा मुद्दा गंभीर आहे. जादा दिव्यांसाठी मूळ वायरिंग कापून जोड दिला असेल, तर विजेच्या भागांचा दावा फेटाळण्यास कंपनीला आधार मिळतो, आणि ३५० सीसीच्या गाडीत दाव्याची वेळ येण्याची शक्यता त्याच भागांत अधिक असते. मूळ सायलेन्सर शेजाऱ्यांकडे असेल तर तो परत बसवून, दिवे काढून, सर्व्हिस सेंटरकडून तपासणीचे जॉब कार्ड घ्यावे आणि मगच रक्कम द्यावी. वायरिंग कापलेली निघाली, तर पाच हजार देऊ नयेत.

वॉरंटी नावावर करण्यासाठी बहुधा नव्या नावाची आरसी मागतात, म्हणून आरटीओचे काम लांबवू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३०, आणि कर्ज फिटलेले असल्यास नमुना ३५ लागतो. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसी नावावर झाल्याशिवाय मिळेल असे गृहीत धरू नये. शेजाऱ्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, त्यांचा वैयक्तिक असतो. तो आपल्याला मिळत नाही. गाडीचा विमा बिघाडाचा खर्च देत नाही आणि वॉरंटी अपघाताचा देत नाही, त्यामुळे दोन्ही कागद लागतात.

हा व्यवहार दोन खासगी व्यक्तींमधला असल्याने, गाडीत काही निघाले तर शेजाऱ्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. त्या दृष्टीनेही कंपनीची शिल्लक वॉरंटी आपल्याला मोलाची आहे.

प्रश्न : मी पुण्यात घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम करते. त्यासाठी जुनी मोटारसायकल घेत आहे. दिवसाला शंभर किलोमीटरपर्यंत गाडी चालते. वाढीव वॉरंटी घेतल्यास मला तिचा अधिक फायदा होईल ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वापर जास्त म्हणून फायदा जास्त, असे सहज वाटते, पण अनेक वॉरंटींमध्ये भाड्याने किंवा व्यवसायासाठी होणारा वापर वगळलेला असतो. शिवाय रोज शंभर किलोमीटर म्हणजे महिन्याला अडीच-तीन हजार, आणि वर्षाला तीस हजारांच्या आसपास. वॉरंटीतील किलोमीटरची मर्यादा मुदतीच्या कितीतरी आधी संपेल. आपले काम काय आहे हे विक्रेत्याला सांगून, ते वॉरंटीला चालते असे लेखी मिळाले तरच विचार करावा. एरवी हे पैसे तेल, चेन आणि टायर यांवर खर्च करावेत. कामाची माहिती लपवून वॉरंटी घेऊ नये, कारण दाव्याच्या वेळी मीटरच ती उघड करतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे : स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, त्यामुळे विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्याचा ग्राहक म्हणून आपला हक्क शाबूत राहतो.

प्रश्न : मी गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून मोटारसायकल घेतली आणि दोन वर्षांची वाढीव वॉरंटीही घेतली. सातव्या महिन्यात गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले. मी एकदा तेल बाहेरच्या गॅरेजात बदलले होते, या कारणावरून दावा नाकारला आहे, आणि तेही फक्त फोनवर. आता काय करता येईल?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : सर्वप्रथम नकार लेखी मागावा, आणि करारातील कोणत्या क्रमांकाच्या अटीखाली तो दिला आहे हे त्यात नमूद करण्यास सांगावे. फोनवरच्या नकाराला पुढे काही आधार राहत नाही. सर्व सर्व्हिसिंग ठरावीक ठिकाणीच करायची, अशी अट आपल्या करारात स्पष्ट आहे का ते वाचावे. ती नसेल, तर नकार टिकण्याजोगा नाही. असेल, तरीही बाहेर घातलेले तेल योग्य दर्जाचे होते हे त्या गॅरेजच्या पावतीवरून दाखवता आले, आणि बेअरिंग जाण्याचे कारण तेल नव्हते असे जाणकाराने लिहून दिले, तर आपली बाजू भक्कम होते. म्हणून इंजिन उघडताना स्वतः हजर राहावे, उघडण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो काढावेत, गेलेले बेअरिंग ताब्यात ठेवावे आणि उरलेले तेल बाटलीत भरून बाटलीवर तारीख घालून ठेवावे. गाडी भंगारासारखी पडून राहू नये म्हणून स्वखर्चाने दुरुस्त करावी लागली, तर बिल सांभाळून ठेवावे. ती रक्कम नंतर मागता येते.

त्यानंतर विक्रेत्याला, आणि वॉरंटी दुसऱ्या कंपनीने दिली असल्यास तिलाही, पंधरा दिवसांची मुदत देणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. मधल्या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे निकाल मिळत नसला, तरी मध्यस्थीने प्रकरण मिटण्याची शक्यता असते. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ती आपण जेथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रायगडमध्येच, दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे, म्हणून ते बेअरिंग कोणाच्याही हाती देऊ नये.

तक्रारीत एक काळजी घ्यावी. कराराची अटच अन्यायकारक आहे, असे मुख्यत्वे म्हणायचे असेल, तर ‘अनुचित करारा’ची तक्रार राज्य आयोगाकडे जाते आणि प्रकरण जिल्ह्याबाहेर जाऊन लांबते. आपल्या प्रकरणात तेवढ्याची गरज दिसत नाही. पैसे घेऊन सेवा नाकारली, या सेवेतील त्रुटीवर आणि अनुचित व्यापारी प्रथेवर भर द्यावा. त्यात दुरुस्तीचा खर्च, वॉरंटीसाठी भरलेली रक्कम, गाडी बंद असल्याने झालेला प्रवासखर्च आणि तक्रारीचा खर्च या चारही गोष्टी आकड्यांसह, पावत्या जोडून मागाव्यात. आपल्याकडचा कागद एखाद्या विमा कंपनीने आपल्या नावे दिलेली पॉलिसी असेल, तर विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्गही मोकळा आहे. तो कागद कोणी दिला आहे, हे पत्र लिहायला बसण्यापूर्वी पाहून घ्यावे.